पेन्सिल न लागलेला फोटो

पेन्सिलबाईंच्या हाताखालून जितके चेहरे गेले, तितके एखाद्या न्हाव्याच्याही हाताखालून गेले नसतील. न्हावी निदान गिऱ्हाइकाशी चार गप्पा तरी मारतो. बाईंची गिऱ्हाइकं सगळी मुकी, आणि काळ्याची पांढरी न् पांढऱ्याची काळी होऊन आलेली. मास्तरांच्या स्टुडिओत, जिन्यावरच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांचं उतरतं टेबल होतं. टेबलाला मधोमध दुधी काच, काचेखाली आरसा. आरसा खिडकीतला उजेड वर फेकायचा, काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची आणि बाई डोळ्याला भिंग लावून कामाला बसायच्या. चेहऱ्यावर जिथे सुरकुती, खड्डा किंवा डाग, तिथे निगेटिव्ह रिकामी असते. ते रिकामपण टोकदार पेन्सिलीच्या केसाहून बारीक रेघांनी भरून काढायचं, म्हणजे फोटोत ती जागा साफ उतरते. दिवसभर कॉम्प्युटरवर चेहरे घासणाऱ्या आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना ती थाप वाटेल. बाईंनी हे चौतीस वर्षं केलं. देवीचे व्रण घेऊन आलेला माणूस आठ दिवसांनी नाकीडोळी नीटस होऊन पाकिटातून घरी जायचा, आणि घरचेही म्हणायचे, अगदी हुबेहूब आलाय हो!

या धंद्याने बाईंना एक कला दिली आणि एक खोड लावली. कला अशी, की निगेटिव्ह नुसती उजेडात धरली की कोणाच्या हातची आहे ते त्या पाकिटावरचं नाव न वाचता सांगायच्या. मास्तरांकडे फक्त मास्तरांचंच काम नव्हतं. शहरातल्या इतर फोटोवाल्यांचे रोलही तिथे धुवायला यायचे.

मास्तर स्वतः उजेड एकाच बाजूने आणायचे, पडद्यातून गाळून. चेहऱ्याची दुसरी बाजू हळूहळू अंधारत जायची, कुठे अंधार सुरू झाला ते कळायचंही नाही. गिऱ्हाईक ऐटीत बसलं की मास्तर फोटो काढायचेच नाहीत. भिंग पूस, तिवई हलव, असं उगाच काहीतरी करत राहायचे. माणूस ऐट करून करून थकला, खांदे जरा खाली आले, की खटका. त्यामुळे मास्तरांच्या फोटोतलं प्रत्येक माणूस, अगदी तूप-साखरेचा व्यापारीसुद्धा, नुकतंच काहीतरी आठवल्यासारखं दिसायचं.

दुसरा लग्नांचे फोटो काढायचा. त्याला सगळे ‘उड्या’ म्हणत, कारण तो खुर्चीवर, टेबलावर, एकदा तर जेवणाच्या पातेल्यांच्या फळीवरही चढला होता. फ्लॅश तोंडावर मारायचा. कपाळं चकाकायची, मागच्या भिंतीवर काळ्या सावल्या पडायच्या. बाई आधी त्याच्या नावाने बोटं मोडायच्या. मग एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की हा चेहऱ्यांकडे बघतच नाही, हातांकडे बघतो. मुलीच्या पाठीवर ठेवलेला बापाचा हात, टेबलाखाली नवा बूट हळूच सैल करणारा नवऱ्या मुलाचा हात. तेव्हापासून उड्याचं पाकीट आलं की बाई आधी हात बघून घ्यायच्या, मग कपाळांच्या मागे लागायच्या.

तिसरा वर्तमानपत्राचा. कमी बोलायचा म्हणून ‘मुका’. दोन भिंगांचा कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून उभा राहायचा. रस्त्यातला कोणीही पत्ता शोधत उभा राहावा तसा. लोक त्याला विसरायचे, आणि विसरले की तो खटका दाबायचा. चौकोनी फोटो, उजेड जसा असेल तसा. कोणाला सुंदर करणं नाही, कोणाची टर उडवणं नाही. बाईंना तो मुळीच आवडायचा नाही. माणसाचा चेहरा असा उघडा टाकतात का, असं त्या म्हणायच्या.

आता खोड. समोर माणूस आलं की बाईंना आधी त्याचा दोष दिसायचा. दूधवाल्याची वाकडी भुवई, शेजारणीच्या हनुवटीवरची चामखीळ, डॉक्टरांच्या नाकाशेजारचा खड्डा. तिथे पेन्सिल कशी चालवावी लागेल हे मनात ठरल्याशिवाय बाईंना त्यांचं बोलणंच ऐकू यायचं नाही. ही खोड त्यांनी घरीही आणली, आणि घरी होती धाकटी बहीण.

धाकटी आठ वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेल्यामुळे तिला बाईंनीच वाढवलं. तिच्या डाव्या गालावर, कानाच्या बाजूला, जन्मापासून एक तांबूस डाग होता. ती वीस वर्षांची झाली तेव्हा मास्तरांनी कौतुकाने तिचा फोटो काढला आणि निगेटिव्ह वर बाईंच्या टेबलावर आली. मास्तर वापरायचे त्या जुन्या फिल्मला तांबडा रंग दिसायचाच नाही; निगेटिव्हवर ती जागा रिकामी राहायची आणि फोटोत काळी उतरायची. बाईंनी भिंग लावलं, आणि काचेखालून येणाऱ्या उजेडात त्या गालावर त्यांना एवढं मोठं भगदाड दिसलं. तीन दिवस त्या त्याच गालावर होत्या. काम इतकं बेमालूम झालं की मास्तर म्हणाले, “बाई, तुमचा हात धरणारं कोणी नाही.” धाकटीने तो फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि त्या दिवसापासून केसांची बट गालावर ओढून घ्यायला लागली. कॅमेरा दिसला की ती माणसांच्या मागे सरायची. तिच्या स्वतःच्या लग्नात उड्याने तिला जेमतेम चार फोटोंत पकडली. त्या चारही निगेटिव्ह बाईंनी कोणी न सांगता साफ केल्या.

धाकटी शिवणकामाच्या कारखान्यात जायची. मुलगी दीड वर्षाची असताना एक दिवस ती तिला काखेत घेऊन रडवेली होऊन बाईंकडे आली.

“ताई, आज तो पेपरवाला आला होता. सुटी झाली, आम्ही दारातून बाहेर पडत होतो, कोणीतरी काहीतरी बोललं आणि मी हसत सुटले. केस सगळे उडालेले. त्याने काढला गं फोटो. तुझ्याकडे धुवायला येईल ना? तेवढं पुसून टाक.”

रोल आला, पण मुका आपल्या निगेटिव्ह बाईंच्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही; बाई त्या खाली वाळत टांगलेल्या असताना जाता-येता बघायच्या तेवढ्याच. त्या डार्करूममधून थेट त्याच्या पिशवीत जायच्या. बाई स्वतः खाली गेल्या. म्हणाल्या, माझ्या बहिणीचा आहे, फक्त गाल तेवढा करते. त्यावर मुका जे बोलला, ते बाईंनी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

“बाई, चेहरा त्यांचा आहे, तुम्ही-मी कोण त्याला हात लावणार?”

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तुम्हाला माणसांची लाज काढण्यातच मजा वाटते,” असं चार गिऱ्हाइकांदेखत बोलून त्या जिना चढल्या. तो फोटो पेपरात काही आला नाही. त्यानंतर पाच महिन्यांनी धाकटी चार दिवसांच्या तापाने गेली.

तिच्या नवऱ्याने वर्षभराने दुसरं लग्न केलं आणि दूरच्या शहरात गेला. भाची बाईंकडे राहिली. माय मरो पण मावशी जगो, असं लोक म्हणाले. बोलायला लोकांचं काय जातं! बाईंनी भाचीला आपल्या मुलीसारखं नाही, मुलगीच म्हणून वाढवलं. तिच्या खोलीत मास्तरांनी काढलेला आईचा फोटो लावला. पोरगी शाळेत जाताना त्या फोटोला सांगून जायची, आल्यावर मार्क सांगायची. बाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या, आणि त्यांना बरं वाटायचं.

असं एकतीस वर्षं चाललं. स्टुडिओ बंद झाला, मास्तर गेले, उड्या गेला. मग बाईंचे डोळे गेले, तेही निम्मेच. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग खराब झालाय. कडेचं दिसेल, समोरचं जाईल. तसंच झालं. बाई ज्या वस्तूकडे बघतील तीच नेमकी नाहीशी व्हायची. माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, मध्ये करडा गोळा. आयुष्यभर चेहरे बघून पोट भरलेल्या बाईला चेहराच दिसेनासा झाला. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने म्हणावं, बाईंनी रडून घेतलं आणि काठी आणली.

भाचीला स्वतःला मुलगी झाली, तेव्हा तिने आईचा फोटो मोठा करायला दुकानात नेला. दुकानातल्या माणसाने तो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाला, “ताई, ह्या गालाचं खरं काही उरलेलंच नाही. सगळी पेन्सिल आहे ही.” भाची घरी आली आणि चप्पलसुद्धा न काढता मावशीसमोर उभी राहिली.

बाईंनी सगळं सांगितलं. डागाचं, तीन दिवसांचं, लग्नातल्या चार फोटोंचं. भाची म्हणाली, “म्हणजे एकतीस वर्षं मी तुझ्या पेन्सिलीला आई म्हणत आले?”

बाईंनी एवढंच विचारलं, “एक फोटो आहे, पेन्सिल न लागलेला. शोधू या?”

“केवढा होता डाग?”

“मोठा होता गं. अर्धा गाल व्यापलेला. काळपट. लपायचा नाही.”

मुका जिवंत होता. कानाने जरा कमी, बाकी ठणठणीत. घराच्या मागच्या खोलीत त्याने आपले आवडते फोटो खोक्यांत भरून ठेवले होते, खोक्यावर ना नाव, ना साल. भाचीने मोठ्याने सांगितलं, आई कारखान्यात होती, तिचा फोटो तुम्ही काढला होता, गालावर मोठा डाग होता. त्याने बराच विचार केला. “अर्धा गाल डाग असलेली बाई मी कधी काढलेली नाही. मी चेहरे विसरत नाही. पण बघा हवं तर.” बाई मान खाली घालून बसल्या होत्या. आपण कोण हे त्यांनी सांगितलं नाही, आणि भाचीलाही दारातच बजावलं होतं की माझं नाव काढू नकोस. चार गिऱ्हाइकांदेखत त्याला काय बोललो होतो ते त्या विसरल्या नव्हत्या.

तीन दुपारी त्या दोघी तिथे बसल्या. भाची एकेक फोटो उचलायची आणि मावशीला सांगायची.

“पाण्याच्या नळावर दोघी भांडताहेत. तिसरी आपली बादली भरून घेतेय.”

“उजेड कुठून आहे?”

“मागून. केसांच्या कडा चमकताहेत.”

“बरं. पुढे.”

“एक म्हातारा झोपलाय बाकावर, त्याच्या चपला त्याच्या छातीवर आहेत. अगं, मिठी मारलीय त्याने चपलांना.”

बाई हसल्या. पूर्वी हाच फोटो समोर आला असता तर त्यांनी म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजल्या असत्या. आता आठ्या दिसत नव्हत्या, म्हणून म्हातारा दिसला. त्या खोलीत बसून, दुसऱ्याच्या डोळ्यांनी, त्यांना पहिल्यांदा कळलं की हा माणूस कोणाची लाज काढत नव्हता. तो फक्त लोकांच्या बरोबर उभा राहत होता. हे कळायला केवढा उशीर झाला, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि तरीही तोंड उघडलं नाही.

पण डाग कुठेच नव्हता. पहिल्या दुपारी दोन खोकी झाली, दुसऱ्या दुपारी तीन. कारखान्याच्या दारातले फोटो दोन-तीनदा आले, प्रत्येक वेळी भाचीचा आवाज चढला आणि पुन्हा उतरला. “नाही, ह्यातल्या कोणालाच डाग नाही.”

तिसऱ्या दुपारी शेवटचं खोकं निघालं. भाचीने पहिला फोटो उचलला. “एक वयस्क गृहस्थ. एका बाजूने उजेड, दुसरी बाजू—”

“हळूहळू अंधारते? आणि काहीतरी आठवल्यासारखा दिसतो?”

“हो.”

“हा ह्यांचा नाही. हा मास्तरांचा.”

भाचीने पुढचा घेतला. “लग्न आहे. सगळ्यांची कपाळं चमकताहेत, मागे काळ्या सावल्या. एक आजीबाई नवरीच्या मुठीत काहीतरी कोंबते आहे, सगळ्यांची नजर चुकवून.”

“उड्या!” बाई एकदम म्हणाल्या. “त्याच्याशिवाय कोण! चेहरे सोडून हातावर गेलाय मेला.”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून मुका उठून जवळ आला होता. त्या खोक्यात त्याने दुसऱ्यांचे फोटो जपले होते, मागून घेतलेले, डार्करूममध्ये रद्दीतून वाचवलेले. त्याने आणखी एक फोटो भाचीच्या हातात दिला, मग आणखी एक. बाई ऐकत गेल्या आणि सांगत गेल्या, मास्तर, उड्या, पुन्हा मास्तर, हा तुमचा. एकही चुकला नाही.

“ह्यांना दिसत नाही ना?” मुक्याने भाचीला विचारलं. मग बाईंकडे वळून म्हणाला, “न बघता हात ओळखणारी ह्या शहरात एकच बाई होती. मास्तरांच्या जिन्यावरची. तुम्ही पेन्सिलबाई का?”

आता लपवून काही उपयोग नव्हता. “हो,” बाई म्हणाल्या. “मीच ती. तुम्हाला चार लोकांत नको ते बोलले होते. बहिणीच्या फोटोवरून. माझी चूक झाली हो.”

मुक्याने ते शब्द बाजूला सारले. त्याच्या डोक्यात भलतंच काही चाललं होतं. “तुमच्या बहिणीचा? कारखान्याच्या दारातला? मग आधी का नाही सांगितलंत? मी डागवाली बाई आठवत बसलो होतो.” तो सरळ पहिल्या दिवशीच्या पहिल्या खोक्याकडे गेला, वरचे पाच-सहा फोटो काढले आणि एक भाचीसमोर ठेवला. “काखेत कळसा न् गावाला वळसा. ही घ्या.”

भाचीने पाहिलं. “हा? हा मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. हसतेय ती ना? मावशी, मी तुला सांगितला होता बघ, केस वाऱ्यावर उडालेत, डोकं मागे टाकून हसतेय. तू म्हणालीस, छान, पुढे. घरच्या फोटोतली आई तोंड मिटून बसलेली, म्हणून मी डागच शोधत होते. पण काका, हिच्या गालावर काही नाही.”

“आहे की. कानापाशी बघा.” त्याने खिशातलं भिंग काढून दिलं.

भाची भिंग लावून फोटोवर वाकली. बाईंनी काठी दोन्ही हातांनी धरली होती.

“दिसला?” शेवटी त्यांनी विचारलं.

“दिसला.”

“मोठा आहे ना?”

“नाही, मावशी.” भाचीचा आवाज चिरकला. “करंगळीच्या नखाएवढा आहे. फिकट. सांगितल्याशिवाय कळत नाही.”

“नीट बघ. अर्धा गाल—”

“बघितलं मी. नखाएवढाच आहे.”

बाईंनी हात पुढे केला. भाचीने फोटो हातात दिला. त्यांनी मान तिरकी केली, कडेच्या नजरेने कुठून काही सापडतं का ते पाहिलं. उडालेल्या केसांची एक काळी झुळूक दिसली, दरवाजाची चौकट दिसली. मध्ये करडा गोळा. एकदा, धाकटी वीस वर्षांची असताना, ती जिन्यावरच्या खोलीत येऊन टेबलापाशी उभी राहिली होती आणि तिने विचारलं होतं, “खूप दिसतो का गं, ताई?” बाईंनी भिंगातून डोळा काढला नव्हता. काचेवरच्या त्या भगदाडाकडे बघत त्या म्हणाल्या होत्या, “दिसतो.” आणि पोरीने ताईवर विश्वास ठेवला होता. शहरात चेहऱ्यातलं ताईहून जास्त कोणाला कळत होतं?

“मी तिला सांगितलं, दिसतो म्हणून,” बाई म्हणाल्या. “मी सांगितलं गं तिला.”

भाचीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ती रागावलीही नाही. तिने फोटो अलगद परत घेतला आणि उजेडाकडे धरला. ती पहिल्यांदाच आईकडे बघत होती.

“पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलाय तिचा,” ती हळू म्हणाली. “माझ्यासारखा. हे तू कधी बोलली नाहीस.”

बाई आठवायला लागल्या. बावीस-तेवीस वर्षं ज्या तोंडात त्यांनी घास भरवले, ते तोंड हसताना कसं दिसायचं ते त्यांनी आठवून पाहिलं. डाग आठवला. त्याच्या कडा आठवल्या, त्यावर मारलेली प्रत्येक बारीक रेघ आठवली. दात आठवेना. चेहऱ्याचं बाकी काहीच आठवेना.

“डोळे कसे आहेत गं तिचे?” त्यांनी भाचीला विचारलं. “सांग ना मला.”